मुलीच्या कॉलेजसाठी डिप्लोडोकस घेऊन ठेवू का?

पिट्सबर्गहून एका वाचकाचं पत्र आलंय. वय ३९, पगार वर्षाला १ लाख १० हजार डॉलर, घरात कमावणारे ते एकटेच, मुलगी सहा वर्षांची. तिथल्या कार्नेगी म्युझियमच्या नावाने सफारी कंपनी जे १:४० स्केलचे खेळण्यातले डायनासोर काढायची त्यातले डिप्लोडोकससारखे लांब मानेचे बरेचसे त्यांच्याकडे आहेत. ती मालिका २०१५ मध्ये बंद झाली, म्हणून विचारतात की आणखी चार हजार डॉलरचे जुने पीस घेऊ का, बारा वर्षांनी विकून कॉलेजच्या फीला हातभार लागेल. आणि शेवटी जाता जाता एक ओळ: ४०१(के)मध्ये, म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यात, पैसे अडकतात म्हणून टाकत नाही, कंपनी पगाराच्या ४ टक्क्यांपर्यंत आपली भर घालते (मॅच) तरी, त्याऐवजी भारतातल्या बँकेने सुचवलेली गॅरंटीड विमा पॉलिसी घेतलीय, वर्षाला ३ लाख रुपये, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी ५५ लाख, तीन हप्ते झाले.

डायनासोरचं उत्तर सरळ आहे, गुंतवणूक म्हणून नको. २०० डॉलरला घेतलेला पीस ३०० ला गेला असं धरा. ईबे ह्या विक्रीच्या साइटची फी साधारण १३ टक्के म्हणजे ४० गेले, लांब शेपटी न मोडता पोचवायचं पॅकिंग-पोस्टेज ३०, हातात २३०. त्या ३० डॉलरवर टॅक्स, आणि कलेक्टिबल्सना (संग्रहाच्या वस्तूंना) लाँग टर्मचा दर २८ टक्क्यांपर्यंत जातो. पोटाखाली छापलेलं साल कॉपीराइटचं असतं, पीस त्याच वर्षीचा असेलच असं नाही. हे पीस पीव्हीसी प्लास्टिकचे, ते उष्णतेने वाकतं आणि आधी मान नि शेपूटच वाकते, त्यामुळे अ‍ॅटिकमध्ये असतील तर आजच खाली आणा. शिवाय शास्त्र पुढे जातं. तुमच्याच कार्नेगी म्युझियममधल्या अपॅटोसॉरसला, म्हणजे अशाच लांब मानेच्या डायनासोरला, १९७९ पर्यंत चुकीचं डोकं लावलेलं होतं! शेपूट जमिनीवर ओढणारं जुनं मॉडेल बारा वर्षांनी कोणाला हवं असेल, ह्यावर मुलीची फी लावू नका. आवड म्हणून जरूर घ्या, खिशाला झेपेल तेवढं.

पण मला झोप लागणार नाही ती त्या शेवटच्या ओळीमुळे. ४ टक्के मॅच म्हणजे वर्षाला ४,४०० डॉलर, तुमच्या पगाराचाच भाग, जो तुम्ही उचलतच नाही. तीन वर्षांत १३ हजारांवर गेले, वाढ धरलीच नाही. तुमचं अख्खं कलेक्शन एवढ्याचं नसेल. आणि "अडकतात" म्हणून ते सोडून वीस वर्षं अडकणारी पॉलिसी घेतलीत?

तिचा हिशोब करा. ३० लाख भरून ५५ लाख, पैसा सरासरी साडेपंधरा वर्षं आत, म्हणजे परतावा ४ टक्क्यांच्या आसपास, तोही रुपयात. २००५ ला डॉलर ४५ च्या आत होता, आता ८५ च्या वर, म्हणजे रुपया वर्षाला तीनेक टक्के घसरला. पुढेही तसाच घसरला तर डॉलरमध्ये उरतो जेमतेम एक टक्का. "टॅक्स फ्री" म्हणून सांगितलं असेल, पण ती सूट भारताची, अमेरिकेत राहता तोवर नफ्यावर इथे कर आहेच, हप्त्यांवर १ टक्का एक्साइज कर आहे, आणि परदेशातल्या खात्यांची नि पॉलिसीची मिळून बेरीज १० हजार डॉलरवर गेली तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकी सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो. हे विकणाऱ्याने सांगायला हवं होतं. अमेरिकेत राहणाऱ्याला असली पॉलिसी गळ्यात मारणं मला अजिबात पटत नाही.

ह्याच आठवड्यात एचआरला सांगून ४०१(के) किमान मॅचपुरता सुरू करा. मग इथेच साधा टर्म इन्शुरन्स घ्या, निरोगी असाल तर दहा लाख डॉलरचं कव्हर बहुतेक महिन्याला शंभराच्या आत मिळेल, ते हातात आल्याशिवाय भारतातल्या पॉलिसीला हात लावू नका. ते चार हजार मुलीच्या ५२९ मध्ये, म्हणजे शिक्षणाच्या खर्चासाठीच्या करसवलतीच्या खात्यात, टाका. विमा कंपनीकडून सरेंडर व्हॅल्यू (आत्ता सोडली तर मिळणारी रक्कम) आणि पेड-अप व्हॅल्यू (पुढचे हप्ते न भरता पॉलिसी ठेवली तर शेवटी मिळणारी कमी रक्कम) दोन्ही लेखी मागवा, बँकेतल्या माणसाचं तोंडी धरू नका. भरलेले ९ लाख परत मिळायचे नाहीत म्हणून पुढचे २१ लाख घालायचे असं मात्र करू नका. आकडे आले की मला पाठवा, सोडायची की पेड-अप करायची ते त्यावर ठरवू.