कपातलं फळ, काट्यावरचं फळ

‘एक कप फळ म्हणजे किती ग्रॅम?’ याला एकच उत्तर नसतं. आधी फळ कसं चिरलंय ते बघा. २४० मिलीच्या कपात अख्ख्या स्ट्रॉबेरी साधारण १४५ ग्रॅम बसतात, काप केले तर १६५च्या आसपास आणि गर केला की थेट २३०. कप तोच, फक्त मधली हवा कमी होत गेली.

केळ्याचं वजन सालीसकट दिलंय की सोलून, तेही तपासा. जवळपास तिसरा हिस्सा सालीतच जातो.

फ्रूट सॅलडला अंदाज चालतो. जॅमला मात्र काटाच हवा, कारण साखर फळाच्या वजनावर ठरते. गोठवलेली फळं कपाने मोजायची असतील तर वितळण्याआधीच मोजा. नंतर ती पार बसतात.