अभियांत्रिकीनंतर गेम प्रोग्रामर व्हायचे असेल तर अभ्यासक्रम, एमएस की थेट नोकरी?

तुमच्या प्रश्नावरून असे दिसते की संगणक अभियांत्रिकीची पदवी हाती आली आहे, सी प्लस प्लस बऱ्यापैकी येते आणि आता वर्षभराचा महागडा गेमिंगचा अभ्यासक्रम करावा, परदेशी एमएसला जावे की सरळ अर्ज करायला लागावे, हे ठरत नाही. मी पुण्यात अकरा वर्षे गेम प्रोग्रामिंग करते आणि अलीकडे नव्या उमेदवारांच्या मुलाखतीही घेते. माझे मत असे की या तिन्हींच्या आधी चार-सहा महिने काढून एक छोटा खेळ पूर्ण करावा. पूर्ण म्हणजे ज्यात जिंकणे, हरणे, पुन्हा सुरू करणे आणि आवाज हे सारे आहे आणि जो दुसऱ्याच्या संगणकावरही नीट चालतो.

‘दुसऱ्याच्या संगणकावर’ हे मी मुद्दाम लिहिले आहे. पहिल्या मुलाखतीला मी स्वतः लिहिलेला, धावण्याचा आणि उड्या मारण्याचा खेळ घेऊन गेले होते. माझ्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारा, तिथला १४४ वेळा बदलणारा, आणि माझा कोड दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, नायकाला ठरावीक पिक्सेल पुढे सरकवणारा. त्यामुळे तिथे तो जवळजवळ अडीचपट वेगाने सुटला आणि पहिल्याच खड्ड्यात गेला. मागच्या फ्रेमपासून किती वेळ गेला ते मोजून वेगाला त्याने गुणायचे असते, हे मला ठाऊकच नव्हते, कारण महाविद्यालयात लिहिलेल्या एकाही प्रोग्रामचा घड्याळाशी संबंध आला नव्हता. नोकरी अर्थातच मिळाली नाही.

त्यानंतर मी ‘डूम’चा कोड वाचायला घेतला. हा खेळ १९९३ चा, सी भाषेत लिहिलेला, आणि त्याचा कोड १९९७ मध्ये सर्वांसाठी खुला झाला. त्यात खेळाचे जग सेकंदाला नेमकी ३५ पावले टाकते. संगणक मंद असला तर चित्रे कमी दिसतात, पण जगाचा वेग बदलत नाही. एवढी एक रचना नीट समजून घेतल्याने मला जे मिळाले, ते दहा व्हिडिओ पाहून मिळाले नव्हते.

आमच्या कामाचा गाभा हाच आहे. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि बटण वाचणे, टक्कर तपासणे, शत्रूंचे निर्णय, चित्र काढणे हे सगळे तेवढ्यात उरकावे लागते. सी शार्पमध्ये प्रत्येक गोळीसाठी नवी वस्तू तयार करत राहिलात, तर कधीतरी मेमरीची साफसफाई सुरू होते आणि ऐन लढाईत खेळ अडखळतो. म्हणून गोळ्या आधीच तयार ठेवून त्याच पुन्हा वापरतात. अशी एखादी अडचण तुम्ही प्रोफाइलर (कोडचा कोणता भाग किती वेळ खातो ते दाखवणारे साधन) लावून शोधली आणि सोडवली असेल, तर मुलाखतीत तीच सांगा.

गणिताची धास्ती घेऊ नका, पण बारावीचे सदिश (व्हेक्टर) पुन्हा उघडा. मी हमखास विचारते: शत्रूला खेळाडू दिसतो की नाही, हे कसे ठरवाल? बहुतेक जण कोन काढायला धावतात. शत्रूच्या तोंडाची दिशा आणि त्याच्यापासून खेळाडूकडे जाणारी दिशा, या दोन एकक सदिशांचा (लांबी एक असलेल्या सदिशांचा) अदिश गुणाकार (डॉट प्रॉडक्ट) ऋण आला तर खेळाडू पाठीमागे आहे. दृष्टीचा पट्टा १२० अंशांचा असेल तर गुणाकार ६० अंशांच्या कोसाइनपेक्षा, म्हणजे ०.५ पेक्षा मोठा आहे की नाही एवढेच पाहायचे, कोन काढायची गरजच नाही. मध्ये भिंत आहे का, हा प्रश्न जो स्वतःहून काढतो, त्याच्याशी मग गप्पा लांबतात.

इंजिनाचा, म्हणजे खेळ कोणत्या तयार सॉफ्टवेअरवर बांधायचा याचा, वाद मात्र फार घालू नये. मोबाइलच्या कामासाठी युनिटी आणि सी शार्प, मोठ्या खेळांसाठी अनरिअल आणि सी प्लस प्लस; गोडो विनामूल्य आहे आणि त्याचा कोडही वाचता येतो. कोणतेही एक धरा.

कामासाठी गाव सोडावेच लागेल असे नाही. युबिसॉफ्टचा स्टुडिओ पुण्यात २००८ पासून आहे, २०२० मध्ये आलेला ‘राजी’ हा खेळ पुण्यातल्याच छोट्या चमूने अनरिअलवर केला, आणि बेंगळुरूत रॉकस्टारचा स्टुडिओ आहे. जाहिरातीत नुसते ‘गेमिंग कंपनी’ असे लिहिले असेल, तर ती कंपनी नेमके काय बनवते ते आधी पाहा. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी आली आहे.

अभ्यासक्रमाची फी भरण्यापूर्वी तिथून बाहेर पडलेल्या दोघा-तिघांचे खेळ मागून घ्या आणि स्वतः खेळून पाहा. दाखवायला खेळच नसतील तर पैसे वाचवा. एमएसचे म्हणाल, तर ग्राफिक्समध्ये खोल शिरायचे असेल तरच त्याला अर्थ आहे, आणि तशी ओढ आपल्याला आहे की नाही, हे पहिला खेळ पुरा करताना कळतेच. कर्जाचा अर्ज तोवर थांबू शकतो.