वाचक विचारतात: चर्चच्या खांबावर कुराण

प्रश्न: सर, माझे जावई इटलीत नोकरीला आहेत. त्यांनी सिसिलीतल्या पालेर्मोच्या कॅथेड्रलचा फोटो पाठवला. दाराबाहेरच्या एका खांबावर चक्क कुराणातला मजकूर कोरलाय. इतके राजे बदलले, मग तो कुणी खरवडला कसा नाही? दिवाळीनंतर आम्हीही जातोय, काय बघावं?
– एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: ताई, आयता मिळालेला चांगला खांब कोणता गवंडी टाकून देईल? दक्षिणेकडचा तो पोर्च पंधराव्या शतकातला, खांब त्याहून जुना. उभा करणाऱ्यांना ती अक्षरं वाचता तरी येत होती का, मला शंकाच आहे.

त्या जागेवर आधी ग्रीक ख्रिस्त्यांचं देऊळ होतं. ८३१ मध्ये अरबांनी शहर घेतलं, तिथे मशीद झाली. १०७२ मध्ये नॉर्मन, म्हणजे उत्तर फ्रान्सकडचे ख्रिस्ती लढवय्ये आले, पुन्हा चर्च. पण नॉर्मन मूठभर. जमिनीच्या नोंदी, वसुली सगळी जुन्या अरब-ग्रीक कारकुनांच्या हातात. म्हणून ११३० मध्ये राजा झालेल्या दुसऱ्या रॉजरच्या दरबारातून लॅटिन, ग्रीक आणि अरबी असे तिन्ही भाषांतले कागद निघत. रघुजी भोसल्यांनी कारभार घेतला तरी गोंड राजाची गादी नावाला राहू दिली, तसलाच हा हिशेब. महालात राहणाऱ्यांना मी काय सांगावं!

बघायचं म्हणाल तर पालेर्मोतल्याच झीसा नावाच्या राजवाड्यातला थडग्याचा दगड चुकवू नका. ग्रिझांदुस नावाच्या पाद्र्यानं आपल्या आईसाठी, आनासाठी, तो कोरून घेतला. मजकूर लॅटिनमध्ये, ग्रीकमध्ये, अरबीत आणि चौथ्यांदा पुन्हा अरबीतच, पण हिब्रू अक्षरांत. तिच्या मृत्यूचं साल लॅटिनमध्ये ११४८, ग्रीकमध्ये ६६५६, अरबीत ५४३, हिब्रू अक्षरांत ४९०८. शाळेत शिकवत असताना हे चारही आकडे मी फळ्यावर लिहायचो आणि विचारायचो, बाई नेमकी वारली कधी? पोरं डोकं खाजवत बसायची. साल एकच, फक्त कालगणना चार!

मात्र याला कुणी गुण्यागोविंदानं नांदणं म्हटलं की माझं डोकं फिरतं. रॉजरचाच नातू दुसरा फ्रेडरिक; त्यानं सिसिलीतल्या मुसलमानांना उचलून इटलीच्या मुख्य भूमीवर लुचेराला नेऊन वसवलं. ज्यूंना १४९२ मध्ये स्पेनच्या राजाच्या हुकमानं बेट सोडावं लागलं. कारकुनांची गरज संपली होती.

आणि रॉजरचं लाल रेशमी राजवस्त्र पालेर्मोत शोधू नका. त्याच्या काठावर अरबी अक्षरं आणि हिजरी ५२८ हे साल भरतकामानं काढलंय, पण ते आता व्हिएन्नात आहे. जावईबापूंना तिकिटं तिकडूनची काढायला सांगा.