डोकं माझं आहे, मग हेल्मेटची सक्ती कशासाठी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मी सज्ञान आहे, गाडी माझी, डोकं माझं. हेल्मेट न घातल्याने दुसऱ्या कुणाला इजा होत नाही, मरणार मी. मग सरकारने मध्ये का पडावं? शिवाय, ऐंशीच्या वेगात आपटल्यावर हेल्मेट असून नसून सारखंच, असंही तुम्ही पुढे जोडलंय.

मी रोज दुचाकी चालवतो आणि पेशाने फिजिओथेरपिस्ट आहे. म्हणजे मी कुठल्या बाजूने बोलणार याचा अंदाज तुम्हाला आला असेल. तरी आधी थोडं तुमच्या बाजूने बोलतो, कारण या प्रश्नावर जे ठरलेलं उत्तर मिळतं ते मला लंगडं वाटतं.

ते उत्तर म्हणजे, तुमच्या उपचारांचा खर्च समाजावर पडतो. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या हेल्मेट कायद्याला एका चालकाने आव्हान दिलं होतं. तेव्हा फेडरल न्यायालयाने साधारण हेच सांगून कायदा उचलून धरला: अपघातानंतर रस्त्यावरून उचलणारा समाज, सरकारी रुग्णालयात नेणारा समाज आणि कमावता आलं नाही तर पुढे पोसणाराही तोच. ऐकायला बिनतोड. पण हाच न्याय पुढे नेला तर सिगारेट, दारू, गिर्यारोहण सगळ्यावर बंदी घालावी लागेल. किंबहुना मोटारसायकलवरच, कारण हेल्मेट घालूनही ती चारचाकीपेक्षा कितीतरी धोक्याची आहे. आणि खर्चाचीच अडचण असेल तर विमा सक्तीचा करा आणि माणसाला मोकळं सोडा. फ्लोरिडाने २००० मध्ये तेच केलं. वय २१ च्या पुढे आणि किमान १०,००० डॉलरचा वैद्यकीय विमा असेल तर हेल्मेटमधून सूट. मिशिगनने २०१२ मध्ये तीच वाट धरली, रक्कम २०,००० डॉलर. (मेंदूला गंभीर मार लागला की एवढ्या पैशात अतिदक्षता विभागाचे सुरुवातीचे दिवसही भागत नाहीत, पण ते असो.)

तेव्हा खर्चाचा मुद्दा मी तुम्हाला देऊन टाकतो. त्यावर सक्ती उभी राहत नाही.

आता ऐंशीच्या वेगाचं. इथे मात्र तुमचं गणित चुकतंय. गाडीवरून पडताना डोकं सहसा ऐंशीच्या वेगाने जमिनीवर आदळत नाही. पुढे जाण्याचा वेग बहुतेक वेळा घसरत, फरफटत जाण्यात खर्ची पडतो. डोकं जमिनीवर ज्या जोराने आपटतं तो मुख्यतः ते किती उंचीवरून खाली आलं यावर ठरतो. बसलेल्या माणसाचं डोकं साधारण दीड मीटरवर असतं. तिथून खाली येताना वेग होतो ताशी वीसेक किलोमीटर. युरोपच्या जुन्या मानकात हेल्मेटची आदळचाचणी सेकंदाला साडेसात मीटरने, म्हणजे ताशी २७ किलोमीटरने व्हायची. हा आकडा बघून लोक हसतात, पण तो या हिशेबाला धरून आहे. आतला जाड थर म्हणजे थर्माकोलच, फक्त घट्ट. तो चुरगळतो आणि चुरगळता चुरगळता डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त देतो. कवटीच्या आत मेंदू किती जोरात हिसडला जाईल हे त्या मिलिसेकंदांवर ठरतं. म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून ठीक दिसलं तरी टाकून द्यायचं, आतला थर दबलेला असतो. सरळ खांबावर किंवा ट्रकवर ऐंशीने गेलात तर काहीच वाचवत नाही, हे खरं. पण सगळे अपघात तसे नसतात. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २००८ मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. त्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा ६९ टक्क्यांनी कमी होतो असं निघालं.

हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा: हेल्मेट मृत्यूपेक्षाही डोक्याची दुखापत जास्त टाळतं. मग तुमच्या 'मरणार मी'कडे या. माझ्या कामात मेलेले लोक येत नाहीत. वाचलेले येतात. हातपाय बऱ्याचदा सुधारतात, त्यासाठीच आम्ही आहोत. पण कपाळामागच्या मेंदूला मार बसला की आमच्या व्यायामांच्या हाताबाहेरचं काहीतरी बिघडतं. शांत माणूस क्षुल्लक कारणावरून ताट भिरकावतो. हिशेबात पक्का असलेला माणूस आंघोळीला जा असं चारदा सांगेपर्यंत बसून राहतो. त्याला स्वतःला त्यात वावगं काही वाटत नाही, हे घरच्यांना सगळ्यात जड जातं. आता सांगा, निवड कुणी केली आणि भोगतंय कोण? गाडीवर बसताना ज्याने ठरवलं तो माणूस बऱ्याच अंशी उरलेलाच नाही. 'माझा धोका मी पत्करला' या म्हणण्यात दोन्हीकडचा 'मी' एकच असतो असं आपण धरून चालतो. डोक्याच्या बाबतीत ते खात्रीने धरता येत नाही. पाय मोडण्याच्या बाबतीत येतं, म्हणून गुडघ्याच्या संरक्षकांची सक्ती करा असं मी म्हणणार नाही.

दुसरं कारण आणखी साधं आहे. नीट विचार करून 'मी हेल्मेट घालणार नाही' असं ठरवलेला माणूस क्वचित भेटतो. तुम्ही कदाचित असाल. बाकीच्यांचं असं असतं की जवळच जायचंय, उकडतंय, केस विस्कटतील, आणि हेल्मेट आरशाला अडकवलेलं राहतं. याला निवड म्हणणं म्हणजे आळसाला फारच मान देणं झालं. लहानशा अडचणीने माणूस किती बदलतो याचं एक गमतीचं उदाहरण आहे. पश्चिम जर्मनीत हेल्मेटचा नियम १९७६ पासून होता, पण दंड १९८० मध्ये सुरू झाला. पुढच्या सहा वर्षांत मोटारसायकलींच्या चोऱ्या जवळपास दोन तृतीयांशाने घटल्या. दिसली गाडी की पळव, असं करणाऱ्या चोराकडे हेल्मेट कुठून असणार? विनाहेल्मेट निघाला तर पहिल्याच पोलिसाच्या नजरेत येणार. तेवढ्या अडचणीपायी बऱ्याच जणांनी नाद सोडला. चोरांना हे लागू पडतं तर आपल्याला का नाही? कायदा असला की रोज सकाळी ठरवण्याची गोष्टच उरत नाही.

'मग मुलांना सक्ती ठेवा, मोठ्यांना सोडा' हा मधला मार्ग बऱ्याच ठिकाणी वापरून झालाय. गाडीवरून जाणाऱ्याचं वय पोलिसाला दिसत नाही आणि विम्याचा कागद तर नाहीच नाही. फ्लोरिडात कायदा सैल झाल्यावर, ज्यांना सक्ती कायम होती त्या २१ खालच्या मृतांमध्येही विनाहेल्मेट असलेल्यांचं प्रमाण वाढलं. इटलीत उलटं झालं: २००० पर्यंत सज्ञान मोपेडचालकांना सूट होती, ती काढली, वापर वाढला आणि डोक्याला मार लागून दाखल होणारे कमी झाले.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मी सोडणार नाही. ब्रिटनमध्ये १९७३ मध्ये सक्ती आली, तेव्हा फ्रेड हिल नावाच्या गृहस्थांनी ती कधीच मानली नाही. दंड भरायला नकार, म्हणून तुरुंग, असं पुन्हा पुन्हा चाललं आणि १९८४ मध्ये ते कैदेतच वारले. वय सत्तरीच्या पुढे. स्वतःचं डोकं झाकलं नाही म्हणून म्हाताऱ्या माणसाला कोठडीपर्यंत नेणं मला कुठल्याच हिशेबात बसवता येत नाही. ज्या कायद्यात बळी आणि गुन्हेगार एकच आहेत, त्याची शिक्षा टोचण्यापुरती असावी. त्याच ब्रिटनने १९७६ मध्ये पगडी बांधणाऱ्या शिखांना सूट दिली, भारतातल्या कायद्यातही ती आहे. मला ती पटते. श्रद्धेचं वजन वेगळं, केस विस्कटण्याचं वेगळं. मागे बसणारं लहान मूल मात्र कुठल्याच सुटीत येऊ नये, ते काही निवडत नसतं.

उद्या सरकारने सगळ्यांना एअरबॅगचं जाकीट सक्तीचं केलं तर काय, असं तुम्ही विचाराल. आज तरी मी विरोध करीन. ते महाग आहे, आणि ते मुख्यतः छाती-पाठ वाचवतं. तिथली जोखीम स्वतःच्या नावावर घ्यायला माझी हरकत नाही.