‘अर्धप्रयोग’ म्हणजे अर्धवट प्रयोग का?

यवतमाळ जिल्ह्यातील एका पंचायत समितीत काम करणाऱ्या वाचक भगिनी लोकप्रशासनाची परीक्षा देत आहेत. ‘क्वासी-एक्स्पेरिमेंट’साठी त्यांच्या टिपणात ‘अर्धप्रयोग’ हा शब्द आहे. हा मध्येच सोडून दिलेला प्रयोग समजायचा का, आणि याहून बरा शब्द मराठीत आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

शंका रास्त आहे आणि दोष शब्दाचा आहे. ‘क्वासी’ हे लॅटिन अव्यय असून त्याचा अर्थ ‘जणू’ असा आहे. त्यात अर्धे काहीच नाही. आपल्या कार्यालयीन मराठीने मात्र ‘अर्ध’ या एकाच पूर्वपदावर निरनिराळी ओझी लादली आहेत. एका अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला नावानिशी लिहिलेले पत्र अर्धशासकीय, आणि फेरफाराच्या तक्रारीवर सुनावणी घेऊन तहसीलदार निर्णय देतात ते कामकाज अर्धन्यायिक. तहसीलदार म्हणजे अर्धा न्यायाधीश, असे कोणी समजत नाही, कारण तो शब्द वापराने रुळला आहे. ‘प्रयोग’ या शब्दाची गोष्ट वेगळी आहे. वडसा-गडचिरोलीकडे, झाडीपट्टीत, प्रयोग म्हणजे रात्रभर चालणारे नाटक. तेथे अर्धप्रयोग जाहीर केला तर प्रेक्षक तिकिटाचे अर्धे पैसे परत मागतील.

मुळात ‘क्वासी-एक्स्पेरिमेंट’ या पद्धतीत उणे असते ते एकच. शास्त्रीय प्रयोगात योजना कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत समसमान मते पडल्यावर ईश्वरचिठ्ठी काढतात, तसेच हे. चिठ्ठीला गाव पुढारलेले की मागास, सरपंच कोणाच्या ओळखीचा, यांतले काहीच कळत नाही, म्हणून दोन्ही गट सुरुवातीला सारखे मानता येतात. प्रशासनात ही मुभा क्वचितच मिळते, कारण योजना निकषाने, मागणीने किंवा दबावाने दिली जाते. अशा वेळी चिठ्ठीवाचून, पण तुलनेचा गट आणि आधीच्या-नंतरच्या नोंदी यांच्या आधारे परिणाम शोधणे, याला डोनाल्ड कॅम्पबेल आणि ज्युलियन स्टॅन्ली या अमेरिकी अभ्यासकांच्या १९६३ मधील लेखनापासून ‘क्वासी-एक्स्पेरिमेंट’ हे नाव रूढ झाले. तुलनेचा गट असतो, मोजमाप असते, तर्कही असतो. चिठ्ठी तेवढी नसते. त्याला अर्धे कसे म्हणायचे?

आपल्याच भागातील उदाहरण घ्या. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ गावांत आरोग्यदूतांकरवी नवजात बाळांची घरीच काळजी घेण्याची पद्धत राबवली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. गावांची वाटणी चिठ्ठीने झाली नव्हती, परंतु काम सुरू होण्याआधीची, १९९३ ते १९९५ मधील, नोंद दोन्हीकडची होती. तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदरात, तुलनेच्या गावांतील बदल हिशेबात धरून, सुमारे ६२ टक्के घट दिसली. १९९९ मध्ये हे निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. केवळ ३९ गावांचे आधीचे आणि नंतरचे आकडे दिले असते, तर रस्ते झाले, पीक बरे आले, असे दहा आक्षेप घेता आले असते. हे आक्षेप तुलनेची गावे अडवून धरतात.

अशा अभ्यासाच्या दुसऱ्या प्रकाराचे उदाहरण आपल्याकडे जखमेसारखे आठवले जाते. २००८ च्या केंद्रीय कर्जमाफीत दोन हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यांचे पात्र थकीत कर्ज पूर्ण माफ झाले, त्यावरच्यांना एकरकमी परतफेडीवर २५ टक्के सवलत मिळाली. पाच एकरांची ही अट कोरडवाहू विदर्भाला जाचली, कारण येथे सहा-सात एकरांचा धनीही कापसाच्या एका फसलेल्या हंगामाने कर्जात बुडतो. संशोधकाला मात्र हीच रेघ उपयोगी पडते. पावणेपाच एकरवाला आणि सव्वापाच एकरवाला यांच्या परिस्थितीत फारसा फरक नसतो, फरक असतो माफीचा. म्हणून रेघेच्या अगदी अलीकडचे आणि पलीकडचे यांची तुलना माफीच्या परिणामाविषयी बरेच सांगून जाते. दहा एकरवाल्याविषयी मात्र ती काही सांगत नाही. शिवाय माफीचा सुगावा लागून कोणी आधीच वाटण्या करून सातबारा वेगळे केले असतील, तर ही तुलनाही बिघडते.

आता शब्दाकडे वळू. ‘आभासी प्रयोग’ म्हटले तर संगणकाच्या पडद्यावरचा वाटतो, ‘छद्मप्रयोग’ म्हटले तर लबाडीचा. संस्कृतात ‘कल्प’ हा प्रत्यय नेमका याच कामासाठी आहे. पाणिनी तो ‘ईषदसमाप्ति’ म्हणजे किंचित अपुरेपणा या अर्थी सांगतो, आणि मृतकल्प म्हणजे जवळजवळ मेलेला. त्या न्यायाने ‘प्रयोगकल्प’ हा शब्द निर्दोष ठरतो, पण कार्यालयात तो कोणीही ‘प्रकल्प’ असाच वाचील. माझी पसंती ‘प्रयोगसदृश अभ्यास’ या शब्दाला आहे. उत्तरपत्रिकेत तो लिहून, परीक्षकांच्या सोयीसाठी पहिल्या उल्लेखाला ‘म्हणजेच अर्धप्रयोग’ एवढे जोडावे. ‘अर्धन्यायिक’ला मात्र हात लावू नये, तो आता तहसीलच्या दारावरच्या पाटीइतका जुना झाला आहे.