वडिलांच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं इंजिन निळा धूर टाकतंय, पिकअपही गेलाय. आधी कार्ब्युरेटर ट्यून करू की इंजिन उघडू?

आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. कार्ब्युरेटरला हात सगळ्यात शेवटी. निळा धूर म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल जळतंय, आणि ते कार्ब्युरेटरचा मिक्श्चरचा (पेट्रोल-हवेच्या प्रमाणाचा) स्क्रू फिरवून थांबत नाही. इंजिन गरम असताना कॉइलची वायर सोडवा, चारही प्लग काढा, प्लगच्या भोकात कॉम्प्रेशन गेज लावून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा आणि प्रत्येक सिलिंडरचं रीडिंग लिहून ठेवा. ज्याचं कमी येईल, त्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनची रिंग किंवा बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) झिजलाय. तसाच राहिला तर व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट.

हेड (सिलिंडरवरचं झाकण) काढायचंच झालं तर इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. ते ॲल्युमिनियमचं आहे, घाईत वाकतं. नट कसताना मधून बाहेर, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्यानेच.

जुळणी झाल्यावर ट्यूनिंगचा क्रम असा:
- टॅपेट (व्हॉल्व्हचा गॅप)
- डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटचा गॅप
- इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ)
- शेवटी कार्ब्युरेटर

पॉइंटचा गॅप बदलला की टायमिंगही सरकतं, म्हणून हा क्रम मोडू नका.

एक मात्र आहे: बोअर अंडाकृती झाला असेल तर नुसत्या नव्या रिंगा टाकून पैसे वाया जातील. मूळ बोअर 68 मि.मी.चा, लेथवाल्याकडून तो वर-खाली आणि आडवा-उभा मोजून घ्या, आणि ओव्हरसाइज पिस्टन हातात आल्याशिवाय बोअरिंग करू देऊ नका.