मुलगी साडेतीन वर्षांची, नोकरी मॅनहॅटनला: मोफत प्री-केसाठी घर कुठे घ्यावं?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: नवऱ्याची नोकरी लोअर मॅनहॅटनला, तुम्ही एच-४ वर (नोकरीवर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा), मुलगी २० नोव्हेंबर २०२२ ची, पुण्याहून जुलै २०२६ मध्ये निघणार. ओळखीचे लोक न्यू जर्सीतल्या एडिसनला आहेत म्हणून घर तिकडे बघताय. आणि सरकारी बालवाडी (प्री-के) फुकट असते ती आपल्याला मिळते का?

मिळते, पण तुम्ही कुठे राहता त्यावर. अमेरिकेत किंडरगार्टन, म्हणजे साधारण पाचव्या वर्षापासूनची शाळा, मोफत असते. त्याआधीची एक-दोन वर्षं मोफत द्यायची की नाही हे राज्य, शहर किंवा तुमचा शाळा-जिल्हा (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) ठरवतो. म्हणून आधी घर आणि मग शाळा असा क्रम लावला की पंचाईत होते. खासगी डेकेअरला या भागात महिना २,००० डॉलरच्या आसपास सहज जातात, तेव्हा भाड्यातला फरक काढताना हा आकडाही धरा.

न्यू जर्सीचं गणित आधी. १९९८ मध्ये 'ॲबॉट विरुद्ध बर्क' खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने राज्यातल्या गरीब शहरी जिल्ह्यांमध्ये ३ आणि ४ वर्षांच्या मुलांना चांगल्या दर्जाची बालवाडी द्यायचा आदेश दिला. असे ३१ जिल्हे आहेत. होबोकन, जर्सी सिटी, हॅरिसन आणि न्यूअर्क हे चारही त्यात आहेत, म्हणजे मॅनहॅटनला जाणारी पाथ ट्रेन न्यू जर्सीत जिथे जिथे थांबते ती सगळी गावं. गंमत अशी की जर्सी सिटीच्या हडसन नदीकाठच्या टॉवरांमध्ये आज सॉफ्टवेअरवाली कुटुंबं राहतात आणि यादी मात्र तीच आहे. उत्पन्नाची अट मुलाला नाही. एडिसन या यादीत नाही. गेल्या काही वर्षांत राज्य यादीबाहेरच्या जिल्ह्यांनाही बालवाडीसाठी पैसे देतंय, पण तिथे सगळ्या मुलांना पुरतील इतक्या जागा असतीलच असं नाही. घराचा करार करण्याआधी त्या जिल्ह्याच्या कार्यालयाला फोन करून एवढंच विचारा: पूर्ण दिवसाचा वर्ग आहे का, किती वर्षांच्या मुलांना, आणि जागा सोडतीने देता का?

न्यू यॉर्क शहराचं वेगळं आहे. 'प्री-के फॉर ऑल' २०१४ मध्ये सुरू झालं, ३ वर्षांच्या मुलांसाठीचं 'थ्री-के' २०१७ मध्ये. चार वर्षांच्या प्रत्येक मुलाला जागा मिळते. थ्री-केमध्ये घराजवळ मिळेलच असं धरून चालू नका. अर्ज 'मायस्कूल्स' या संकेतस्थळावर हिवाळ्यात भरायचा, १२ पर्यायांपर्यंत पसंतीक्रम देता येतो, आणि आधी अर्ज केला म्हणून आधी जागा असं नसतं. तुम्ही जुलैत पोचणार, तोवर पहिली फेरी होऊन गेलेली असेल. मग फॅमिली वेलकम सेंटरला (शाळाप्रवेशाला मदत करणारं शहराचं कार्यालय) जाऊन उरलेल्या जागा विचारायच्या आणि हव्या त्या शाळांच्या प्रतीक्षायादीत नाव घालायचं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लोक घरं बदलतात, तेव्हा यादी बरीच हलते.

आता तुमच्या मुलीची जन्मतारीख, कारण खरी मेख तिथे आहे. न्यू यॉर्क शहर कॅलेंडर वर्ष बघतं. ती २०२६ मध्ये चार पूर्ण करणार, म्हणून सप्टेंबर २०२६ मध्ये प्री-के आणि सप्टेंबर २०२७ मध्ये, पाच व्हायच्या दोन महिने आधी, किंडरगार्टन. न्यू जर्सीत बहुतेक जिल्हे १ ऑक्टोबरच्या आसपासची तारीख धरतात. त्या दिवशी ती तीन वर्षांची असेल, म्हणून तिला तीनच्या वर्गात घालतील, पुढच्या वर्षी चारच्या, आणि किंडरगार्टन २०२८ मध्ये. तीच मुलगी, नदीच्या अलीकडे-पलीकडे एका वर्षाचा फरक. न्यू जर्सीत दोन वर्षं मोफत मिळतात आणि ती वर्गात मोठ्यांपैकी असते. न्यू यॉर्कमध्ये एकच वर्ष, आणि वर्गातल्या सगळ्यांत लहानांपैकी. वर्षभर न्यू यॉर्कला राहून मग जर्सीत घर घेतलंत, तर प्री-के झालेलं असूनही तिला किंडरगार्टनला घेतीलच असं नाही. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुलांचे आईबाप इथे हमखास अडकतात. माझं मत विचाराल तर जर्सी सिटी किंवा होबोकन.

कागदपत्रांमध्ये व्हिसा विचारत नाहीत. वयासाठी पासपोर्ट किंवा जन्मदाखला, पत्त्याचे पुरावे (लीज, वीज किंवा गॅसचं ताजं बिल) आणि लसीकरण. पहिला महिना कंपनीच्या तात्पुरत्या घरात काढणार असाल तर पत्त्याच्या पुराव्याला अडेल. नातेवाइकाकडे राहत असाल तर ज्याच्या नावावर लीज आहे त्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र लागतं.

सगळ्यांत जास्त खोळंबा लसींमुळे होतो. आपल्या सरकारी वेळापत्रकात एमआर (गोवर-रुबेला) असते, त्यात गालगुंडाची लस नाही. इथे एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लागते. खासगी डॉक्टरकडे नवव्या महिन्यात एमएमआर दिली असेल तर तो डोस धरत नाहीत, पहिल्या वाढदिवसानंतरचाच धरतात. न्यूमोकोकल आणि हिब या (न्यूमोनिया-मेंदूज्वरावरच्या) लसींचाही एकेक डोस न्यू जर्सी पहिल्या वाढदिवसानंतरचा मागते. सरकारी वेळापत्रकात न्यूमोकोकलचा शेवटचा डोस नवव्या महिन्यात आणि हिबचा चौदाव्या आठवड्यात संपतो. कांजिण्यांची लस त्या वेळापत्रकात नाहीच. पाच वर्षांखालच्या मुलांना फ्लूची लस ३१ डिसेंबरच्या आत, दरवर्षी. एमएमआर आणि कांजिण्यांची एकाच दिवशी द्यावी, नाहीतर मध्ये २८ दिवस सोडावे लागतात. निघण्याच्या दोन दिवस आधी डॉक्टरकडे गेलात तर हे जमत नाही.

आणि डॉक्टरांकडून लेटरहेडवर इंग्रजीत यादी घ्या, तारखेतला महिना अक्षरात लिहायला सांगा. ०३/०७ म्हणजे आपल्याकडे ३ जुलै, इथल्या नर्ससाठी ७ मार्च. तेवढ्यावरून एखादा डोस 'वेळेआधी दिलेला' ठरतो आणि पुन्हा टोचावा लागतो. टीबीची तपासणी मागितली तर रक्ताची करून घ्या. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

वेळेबद्दल गैरसमज नको. न्यू जर्सीत दिवस ६ तासांचा, न्यू यॉर्कमध्ये ६ तास २० मिनिटांचा, आणि वर्षाचे दिवस साधारण १८०. पावणेतीनला मूल घरी. जूनअखेर ते सप्टेंबर सुट्टी. तुम्ही घरी असाल तर ठीक, पण पुढे कामाला लागलात तर शाळेनंतरची सोय वेगळी आणि पैसे देऊन.

शिकवतात काय? पुण्यातल्या ज्युनिअर केजीच्या हिशोबाने बघाल तर काहीच नाही. गृहपाठ नाही, चार रेघी वही नाही, मग सहा आठवड्यांत आईबाप कुरकुर करतात. ठोकळ्यांच्या कोपऱ्यात पाच मिनिटं उभं राहून बघा. एक मूल पूल करतंय, लांब ठोकळा संपलाय. बाई ठोकळा आणून देत नाहीत, विचारतात, "आता याच्याऐवजी काय चालेल?" ते दोन छोटे जोडून लांबी जमवतं, पूल मध्येच कोसळतो, शेजारचा रागावतो, मग खाली खांब कोण लावणार याची वाटाघाटी. मोजणं, भाषा, थांबणं, आपली पाळी येऊ देणं, सगळं त्यात आलं. ॲबॉट यादीतल्या जिल्ह्यांच्या वर्गात १५ च्या वर मुलं नसतात, एक प्रमाणित शिक्षिका आणि एक मदतनीस असते, म्हणून हे जमतं.

फायद्याबद्दल मात्र सरसकट बोलू नये. बॉस्टनमध्ये १९९७ ते २००३ दरम्यान सोडतीने जागा मिळालेल्या मुलांचा पाठपुरावा झाला: परीक्षेच्या गुणांत फरक दिसला नाही, पण हायस्कूल पूर्ण करून वेळेत कॉलेजला जाणारी मुलं ८ टक्के-अंकांनी जास्त निघाली. न्यू जर्सीच्या अभ्यासात दोन वर्षं गेलेल्यांना एका वर्षापेक्षा जास्त फायदा दिसला. उलट टेनेसीच्या अभ्यासात सहावीपर्यंत प्री-केवाली मुलं थोडी मागेच पडलेली आढळली. तेव्हा नुसतं मोफत असून भागत नाही. वर्गात बाई मुलांशी बोलतात की त्यांना रांगेत उभं करण्यातच अर्धा दिवस जातो, हे जाऊन बघा.

घरी मराठीच बोला. "इंग्रजी येत नाही, आधी शिकवून पाठवू का?" याची गरज नाही, पहिले दोन-तीन महिने ती वर्गात गप्प राहील, ते नेहमीचं आहे. मराठीतही बोलणं मागे वाटत असेल तर तीन वर्षांपुढच्या मुलाची तपासणी शाळा-जिल्हा मोफत करतो. लेखी अर्ज द्या, तारीख टाकून, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. तपासणीची मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.